पाण्याच्या वाटेवरचा पुरावा

डीआयए ६४७९ हा क्रमांक भारतीय मोटारींच्या इतिहासात पक्का बसला आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० च्या किल्ल्या हरपाल सिंग यांच्या हाती दिल्या. सिंग इंडियन एअरलाइन्समध्ये नोकरीला होते. सोडतीत त्यांचं नाव निघालं आणि गाडीसाठी त्यांनी जवळची फियाट विकली. २०१० मध्ये ते वारले. पुढे ती गाडी दिल्लीच्या ग्रीन पार्कमधल्या घराबाहेर उभ्या उभ्या गंजत गेली. नंतर तिची दुरुस्ती झाली आणि ती कंपनीच्या मुख्यालयात मांडली गेली. किमतीचे मात्र दोन आकडे छापील मजकुरात भेटतात, ४७,५०० आणि ५२,५००. आकडा कारखान्याच्या दारातला की रस्त्यावर येईपर्यंतचा, हे सांगितलेलं नसलं की असं होतं. त्यातला एक खोटा ठरवायची घाई करू नये.

गाजलेल्या गाडीची ही गत, तर बिनगाजलेल्या गाडीचं दप्तर कसं वाचायचं? गुडगावच्या कारखान्यातून निघून दिल्ली, नोएडा, फरिदाबादच्या रस्त्यांवर वीस-वीस वर्षं धावलेली एखादी ८०० आज इंजिन बांधायला गॅरेजमध्ये येते, तेव्हा तिच्यासोबत प्लास्टिकच्या पिशवीत बरेच कागद असतात. आरसी, विम्याच्या पॉलिसी, पीयूसीच्या चिठ्ठ्या, सर्व्हिसचं पुस्तक. हेड उतरवल्यावर ब्लॉकच्या पाण्याच्या वाटांत पांढरे खडे, तांबूस चिखल, कधी हिरवट जेली दिसते. हा थर कशाने आणि केव्हा साचला, याचं उत्तर आपण त्या पिशवीत शोधायला लागतो.

तिथे ते नसतं, आणि का नसतं हे पाहणं उद्बोधक आहे. आरसीवर इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, घनक्षमता, इंधन, नोंदणीची तारीख असते. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजलेले असतात. गॅस्केट फाटून इंजिन पाणी खात असेल तर त्याला रकाना नाही. विम्याचं दप्तर सर्वांत जाडजूड, पण आपल्या कामाला सर्वांत निरुपयोगी. मोटार विम्याच्या प्रमाणित पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. म्हणून गाडी मथुरा रोडवर उकळून बंद पडली, हेड वाकलं, तरी त्याचा दावा होत नाही, आणि दावा नाही म्हणून कागदही नाही. अपघाताची खरचट नोंदली जाते, उकळलेलं इंजिन नाही. उरलं सर्व्हिसचं पुस्तक. मोफत सर्व्हिसचे शिक्के संपले की गाडी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे जाते, आणि तिथलं बिल तोंडी असतं.

मग पुरावा म्हणून तो थरच वाचावा लागतो. रसायनाच्या दृष्टीने तो तसा बोलका आहे. पांढरा, टणक, नखाने न निघणारा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. जड पाण्यातलं विरघळलेलं बायकार्बोनेट तापलं की हा क्षार खाली बसतो. तांबूस-तपकिरी गाळ हा बिडाचा गंज. साधं पाणी आणि त्यातली हवा यांची ही करणी. हिरवी जेली म्हणजे कूलंटमधल्या सिलिकेटने मिश्रण सोडल्याची खूण. दुधाळ चहासारखा लगदा दिसला तर तेल आणि पाणी एकमेकांत शिरलं आहे. पिवळसर चोथा मिळाला तर हळदीचा संशय घ्यावा. गळका रेडिएटर बुजवायला त्यात हळद टाकण्याचा उपाय आपल्याकडे जुना आहे, आणि तो चालतोही, काही दिवस. भोकं बुजवणारी हळद अरुंद नळ्याही बुजवते, हे नंतर कळतं.

आता हिशेब. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००. समजा, गाडीत चार लिटर पाणी मावतं आणि ते ६०० मिलिग्रॅमचं आहे. सगळाच्या सगळा क्षार खाली बसला तरी एका भरणीत अडीच ग्रॅमही होत नाही. वॉटर जॅकेटच्या, म्हणजे ब्लॉकमधल्या त्या पाण्याच्या वाटांच्या, तळातून निघणारे खडे एका भरणीचे असूच शकत नाहीत. त्यांचा उगम वरचेवर घातलेल्या पाण्यात शोधायला हवा. पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतो, पुन्हा बाटलीभर पाणी ओतलं जातं. म्हणजे जाड पांढरा थर हा जुनाट गळतीचा किंवा कायम तापणाऱ्या गाडीचा पुरावा आहे, आणि मालक रेडिएटरचं झाकण वरचेवर उघडत होता याचाही. क्षार साचला की उष्णता बाहेर पडत नाही, कारण बिडाच्या मानाने तो उष्णता फारच कमी वाहू देतो. मग गाडी आणखी तापते आणि आणखी पाणी मागते.

पाणी कुठलं, हा पुढचा प्रश्न, आणि इथे हात आखडता घ्यायला हवा. वझिराबादला यमुनेचं पाणी शुद्ध होतं, सोनिया विहारला गंगेच्या कालव्याचं. बाकी भिस्त बोअरवेलवर आणि टँकरवर. नैऋत्य दिल्लीत आणि नजफगढच्या बाजूला भूजल खारट आहे. थरावरून ‘बहुधा बोअरचं’ एवढं म्हणता येतं. वसाहतीचं नाव सांगणारा मिस्त्री अंदाज ठोकतो आहे असं समजावं. तानसा-वैतरणेचं मृदू पाणी प्यालेल्या मुंबईच्या ८०० मध्ये गंज भेटेल, पण असे खडे क्वचित.

दिल्लीत साधं पाणी इतकं टिकलं कसं, याचं एक कारण हवामानात आहे. तिथे हिवाळ्यात धुकं पडतं, पण रेडिएटर गोठण्याची वेळ जवळपास येत नाही. गोठण्याची भीती नाही म्हटल्यावर कूलंटचा खर्च उधळपट्टी वाटतो. त्यातली गंजरोधक द्रव्यं दिसत नाहीत, म्हणून हिशेबात येत नाहीत. मारुतीच्या या इंजिनात ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं. दोन धातू एकाच पाण्यात असताना ही द्रव्यं नसली की गंज बळावतो.

पण कूलंट घातलं तरी खडे का होतात, याचं कारण प्रमाणित कागदांत दडलं आहे, आणि मला ते सर्वांत रोचक वाटतं. कूलंटची गंजपरीक्षा घेण्याची जगभर वापरली जाणारी पद्धत आहे एएसटीएम डी १३८४. तांबं, सोल्डर, पितळ, पोलाद, बीड आणि अॅल्युमिनियम अशा सहा धातूंचे तुकडे ८८ अंश सेल्सिअसला ३३६ तास कूलंटच्या द्रावणात ठेवतात. पाणी मुद्दाम वाईट बनवलेलं असतं: सल्फेट, क्लोराइड आणि बायकार्बोनेट, प्रत्येकी दशलक्षात १०० भाग. पण तिन्ही क्षार सोडियमचे! कॅल्शियम त्यात नाहीच. ही परीक्षा गंज मोजते, खडे मोजत नाही. त्यातच जपानी कूलंटांचा कल फॉस्फेटकडे, तर युरोपातल्या कित्येक कारखान्यांचा फॉस्फेट टाळण्याकडे. कारण तिथलं पाणी जड आणि जड पाण्यात फॉस्फेट कॅल्शियमला धरून खाली बसतं. जपानी घडणीची गाडी आणि उत्तर हिंदुस्तानातलं बोअरचं पाणी अशी गाठ पडली की कूलंट घालूनही त्यात बोअरचं पाणी मिसळणाऱ्याच्या ब्लॉकमध्ये पांढरं का सापडतं, ते यातून उलगडतं.

थर वाचताना एक फसगत होते. खालचा थर जुना आणि वरचा नवा, असं उत्खननाच्या सवयीने आपण धरून चालतो. क्षार वरून बसतो, पण गंज धातूतून, म्हणजे खालून उगवतो. पांढऱ्याखाली तांबूस दिसलं म्हणून आधी गंज आणि मग क्षार असा क्रम लागत नाही. शिवाय कुणी मधेच सायट्रिक अॅसिडने फ्लश केलं असेल तर मधली काही वर्षं गायबच. कॉस्टिकच्या टाकीत ब्लॉक बुडवला की उरलंसुरलंही वाहून जातं. (हेड त्या टाकीत घालू नये, कॉस्टिक अॅल्युमिनियम खातं.) म्हणून बोअर करायला ब्लॉक खरादवाल्याकडे जाण्याआधी फोटो काढावेत, आणि तेही पंपापासून सर्वांत दूरच्या सिलिंडरच्या तळाचे. तिथे प्रवाह मंद असतो आणि गाळ जास्तीत जास्त साचतो.

अशा जुन्या गाड्यांना दिल्लीत कायद्याची एक चौकट आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१४ आणि २०१५ च्या आदेशांनी राजधानी परिसरात १५ वर्षांवरच्या पेट्रोल आणि १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने निव्वळ वयावरून सक्तीची कारवाई नको असं सांगितलं आणि डिसेंबरात ती सवलत बीएस-४ या उत्सर्जन मानकाच्या व त्यापुढच्या गाड्यांपुरती ठेवली. निकष कधी वय, कधी बीएसचा आकडा, आणि दोन्ही आरसीवरून ठरतात. ब्लॉक फारच कुजला म्हणून मालकाने दुसरं इंजिन बसवलं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे चौदा दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवावं लागतं. आरसीवर नवा इंजिन क्रमांक चढतो. नोंदणीची तारीख जुनीच राहते आणि वयाची १५ वर्षं तिथूनच मोजली जातात.