प्रॉडक्ट मॅनेजरची मुलाखत : उत्तराआधीचा विचार महत्त्वाचा

तंत्रज्ञान कंपनीतील मुलाखत म्हटली की प्रोग्रॅमिंगचे प्रश्न आणि डोके चक्रावणारी कोडी डोळ्यांसमोर येतात. प्रॉडक्ट मॅनेजर या पदाची मुलाखत मात्र निराळी असते. येथे बहुतेक प्रश्नांना एकच एक बरोबर उत्तर नसते. उमेदवार उत्तरापर्यंत कोणत्या वाटेने जातो, वाटेत काय सोडतो आणि का सोडतो, हे पारखले जाते. सॉफ्टवेअर सेवा कंपन्यांत काही वर्षे काम करून या क्षेत्राकडे वळणारे हुशार अभियंतेही अनेकदा येथेच अडखळतात. काय तयार करायचे हे ग्राहकाने आधीच ठरवून दिलेले असते, अशी त्यांची सवय असते. येथे ते स्वतः ठरवायचे असते.

पदाचे स्वरूप

या पदाचे मूळ संगणकाच्या युगापूर्वीचे आहे. १९३१ साली अमेरिकेतील प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत कॅमे साबणाचे काम पाहणाऱ्या नील मॅकएलरॉय यांनी एक टिपण लिहिले. प्रत्येक ब्रँडची संपूर्ण जबाबदारी एका व्यक्तीकडे असावी, असे त्यात सुचवले होते. सॉफ्टवेअर उद्योगाने ही कल्पना आपल्या पद्धतीने स्वीकारली. गुगलने २००२ मध्ये नवोदितांसाठी असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजर हा उपक्रम सुरू केला. अभियंते आणि डिझाइनर सहसा प्रॉडक्ट मॅनेजरच्या हाताखाली नसतात. तरीही उत्पादनाच्या यशापयशाचे उत्तर त्यालाच द्यावे लागते. अधिकाराविना जबाबदारी पेलण्याची ही कुवत मुलाखतीत तपासली जाते.

उत्पादनविषयक प्रश्न

‘उपनगरी रेल्वेच्या प्रवाशांसाठी तिकिटाचे ॲप तयार करा’ असा प्रश्न आला, तर अनेक उमेदवार लगेच सोयींची यादी सांगू लागतात. तसे करू नये. प्रथम प्रवासी कोण, हे विचारावे. रोजचा पासधारक, अधूनमधून प्रवास करणारा आणि शहरात नवखा असलेला पाहुणा यांच्या अडचणी वेगळ्या असतात. त्यांपैकी एक गट निवडावा, निवडीचे कारण सांगावे आणि मगच उपायांकडे वळावे.

या दृष्टीने रेल्वेच्या यूटीएस ॲपचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. २०१४ च्या अखेरीस ते मुंबईत सुरू झाले, तेव्हा मोबाइलवर काढलेल्या तिकिटाची छापील प्रत स्थानकातील यंत्रातून घ्यावी लागत असे. म्हणजे खिडकीची रांग टळली, तरी यंत्रापाशी जाणे टळले नाही. २०१५ मध्ये कागदविरहित तिकीट आले. पण तपासनीस दिसताच गाडीतच तिकीट काढण्याची पळवाट राहू नये, म्हणून रुळांच्या अगदी जवळून असे तिकीट काढण्यास मज्जाव होता. त्याचा जाच प्रामाणिक प्रवाशालाही झाला. सोय आणि गैरवापराला आळा यांत तोल कसा साधावा? तुम्ही हे बंधन ठेवले असते का? असे प्रश्न स्वतःला विचारणे, हीच खरी तयारी होय.

आकडे आणि अंदाज

ॲप यशस्वी झाले, हे कशावरून ठरवाल? ते किती जणांनी मोबाइलवर घेतले, हा आकडा आकर्षक असला तरी फसवा असतो. तिकीट काढू लागलेल्या शंभर जणांपैकी किती जणांना ते खरोखर मिळाले, हा आकडा अधिक बोलका असतो. ‘सोमवारी विक्री दहा टक्क्यांनी घटली, कारण शोधा’ या प्रश्नात आधी मोजणीत चूक नाही ना, सुट्टी नव्हती ना, हे पाहावे. त्यानंतर घट सर्वत्र आहे की एकाच मार्गावर, एकाच प्रकारच्या फोनवर किंवा एकाच बँकेच्या व्यवहारांत आहे, अशी विभागणी करावी.

अंदाजाच्या प्रश्नांतही गृहीतके उघड मांडावीत. मुंबईत रोज किती कप चहा प्यायला जातो? लोकसंख्या सव्वा कोटी, पाचांपैकी चौघे चहा पिणारे, प्रत्येकी दोन कप धरले, तर दोन कोटी कप होतात. माणशी तीन कप धरले, तर हाच आकडा तीन कोटींवर जातो. कोणते गृहीतक उत्तर सर्वाधिक हलवते, हे सांगणारा उमेदवार उठून दिसतो.

अनुभवाचे प्रश्न

मतभेद, अपयश, चुकलेला निर्णय यांविषयी हमखास विचारले जाते. ॲमेझॉनमध्ये तर असे प्रश्न कंपनीच्या नेतृत्वविषयक सोळा तत्त्वांना धरून येतात. परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि परिणाम या क्रमाने पाच-सहा प्रसंग लिहून ठेवावेत. आपल्याकडे ‘मी केले’ म्हणणे उद्धटपणाचे वाटते, म्हणून सारे काही ‘आम्ही केले’ असे सांगितले जाते. त्यामुळे उमेदवाराचा स्वतःचा वाटा कळतच नाही. सहकाऱ्यांचे श्रेय त्यांना देऊन आपला निर्णय कोणता होता, हे निःसंकोच सांगावे. अपयश सांगताना त्यानंतर आपण काय बदलले, तेही सांगावे.

तयारी कशी करावी?

रोजच्या वापरातील एक ॲप घ्यावे. ते कोणासाठी आहे, कमाई कशातून होते, कोणती एक गोष्ट बदलावी आणि त्यातून काय गमवावे लागेल, हे एका पानावर लिहावे. असा सराव महिनाभर केला, तर विचारांना शिस्त लागते. मित्राला मुलाखतकार करून उत्तरे मोठ्याने द्यावीत. मनातल्या मनात केलेली तयारी ऐनवेळी दगा देते. मराठी माध्यमातून आलेल्यांनी मुद्दे आधी मराठीत पक्के करून मग इंग्रजीत मांडण्याचा सराव करावा. विचार स्पष्ट असेल, तर साधी वाक्येही पुरतात.

तयार साच्यांची पुस्तके उपयोगी असतात, पण पाठ केलेला साचा अनुभवी मुलाखतकाराच्या लगेच लक्षात येतो. प्रश्न ऐकल्यावर विचारासाठी अर्धा मिनिट मागून घेण्यात कमीपणा नाही. पुढे नोकरीतही घाईने दिलेल्या उत्तराची किंमत उत्पादन वापरणाऱ्यालाच मोजावी लागते.