टाक्यांचे नमुने : कापडापासून किंडलपर्यंत

भरतकामाचा विषय निघाला की आपण दोऱ्याबद्दल बोलतो, टाक्यांबद्दल बोलतो. ज्याच्याकडे बघून टाके घालायचे, त्या नमुन्याबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही. आज त्याच्याविषयी थोडेसे.

छापील नमुने मिळत नव्हते तेव्हा नमुना कापडावरच जपला जाई. युरोपातल्या बायका एखादी वेल आवडली की तिचा तेवढाच तुकडा वेगळ्या कापडावर भरून ठेवत. १५९८ साल टाक्यांनी घातलेले जेन बोस्टॉक यांचे असे एक कापड लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. आपल्या शाळांतही शिवणाच्या तासाला मुली साखळी, गहू, काज असे टाके तुकड्यांवर घालून वहीत चिकटवायच्या. कल्पना तीच!

१५२० च्या दशकात जर्मनीत ऑग्सबर्गच्या श्योन्सपर्गर नावाच्या मुद्रकाने नमुन्यांचे छापील पुस्तक काढले. नमुने फक्त काळ्या शाईत, रंग ज्याचा त्याने ठरवायचा. त्या काळातल्या अशा पुस्तकांच्या प्रती आज फार थोड्या उरल्या आहेत. कारण पान कापडावर ठेवून, सुईने भोके पाडून त्यातून कोळशाची पूड झटकत. पुस्तक वापरूनच संपे. ही युक्ती आपल्यालाही परकी नाही. बटर पेपरला भोके पाडून, रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्याने फिरवून छापा उमटवणारे दुकानदार तुम्हीही पाहिले असतील.

पुढे १८०४ च्या सुमारास बर्लिनमध्ये चौकटीच्या कागदावरचे रंगीत नमुने विकायला आले. एक चौकट म्हणजे एक टाका. प्रत्येक चौकट हाताने रंगवलेली. १८१० ते १८४० या काळात असे चौदा हजार नमुने निघाल्याचे त्या वेळच्या एका इंग्रजी पुस्तकात म्हटले आहे. काम सोपे झाले, पण रंग कोणता घ्यायचा हा विचार करायचे कारण उरले नाही.

आपल्या भागात ही विद्या बरीचशी शाळेतून आली. सिंथिया फरार बाई १८३९ पासून नगरला (आताचे अहिल्यानगर) मुलींच्या शाळा चालवत होत्या. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले ते त्यांच्याच संस्थेत. त्या काळच्या मिशन शाळांत मुलींना वाचन-लेखनाबरोबर शिवणकामही असे. पुढे १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन सुरू केले, तिथेही शिवणाचे वर्ग होते. शाळेतून ते घरात आले आणि रुखवतात जाऊन बसले. मोजून काम करायची सवय आपल्या बायकांना होतीच म्हणा. अकरा ते सहा ठिपक्यांची रांगोळी जिला चुकत नाही, तिला मॅटीवरची फुली काय अवघड?

आता किंडलकडे येते. आमच्या सूनबाई नमुने छापून घेत नाहीत. कर्जतला रंगीत प्रत काढायची तर बाजारात जा, त्यात मोठा नमुना चार कागदांवर तुटतो. तिने मला वाचनयंत्रावर नमुना घालून दिला. या पडद्याला पान बदलतानाच काय ती वीज लागते, म्हणून एकदा भरले की बरेच दिवस चालते. उन्हात ओट्यावर बसूनही दिसते. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना हे सुख मोठे आहे.

अडचण आली ती आईच्या मोराची. तिने आलेखाच्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी काढलेला नमुना घड्यांवर फाटत चालला आहे. त्याचा फोटो यंत्रावर घातला तर तांबडा आणि हिरवा दोन्ही सारखेच करडे! रंगीत पडद्याची यंत्रे आता मिळतात, किंडलचेच २०२४ मध्ये आले. पण आमचे साधे आहे. मग मी कोऱ्या कागदावर चौकटी आखल्या आणि रंगाऐवजी अक्षरे लिहिली. तांबड्याला त, हिरव्याला ह, पोपटीला प. एका पंखात पोपटी मधेच थांबून हिरवा सुरू होतो. तिथे आईने बारीक अक्षरात लिहिले आहे, 'लडी संपली'. तेही तसेच उतरवले. ती लडी संपली नसती तर तो पंख इतका उठून दिसला नसता, असे मला वाटते.

हे करताना लक्षात आले की पाचशे वर्षांनी आपण पुन्हा काळ्या-पांढऱ्या नमुन्याकडे आलो. त म्हणजे तांबडा खरा, पण कुठला तांबडा? कुंकवाचा की विटेचा? ते भरणारीने ठरवायचे. धाकट्या नातीने त च्या जागी चक्क जांभळा घेतला आहे. आईला आवडला असता की नाही, सांगता येत नाही. मला आवडला.

नातेवाइकांना एक विनंती. तुमच्या ट्रंकांत असे कागद असतील तर नुसता फोटो काढून थांबू नका. चौकटी मोजा, अक्षरे घाला, कडेला काही लिहिले असेल तर तेही उतरवा. यंत्रे बदलत राहतील. अक्षरांत लिहिलेला नमुना कुठल्याही पडद्यावर वाचता येईल, आणि पडदा नसेल तर कागदावर आहेच.

मोराचा नमुना हवा असेल त्यांनी कळवा. सूनबाई पाठवेल.