भावंडांचा क्रम : अमेरिकेच्या १९६५ च्या आप्रवासन-कायद्याची एक बाजू

परदेशी स्थायिक झालेल्या भावाने मागाहून बहिणीस बोलावून घ्यावे, ही गोष्ट आपल्याकडे इतकी परिचयाची झाली आहे की, तिच्यामागे कायद्याचा काही इतिहास असेल असे सहसा मनात येत नाही. वस्तुतः अमेरिकेत हिंदी माणसास हा अधिकार फार उशिरा लाभला. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हिंदी लोकांस नागरिकत्वास अपात्र ठरविले, आणि अशा अपात्रांस १९२४ च्या कायद्याने प्रवेशही नाकारला. कॅलिफोर्नियातील पंजाबी शेतकऱ्यांस देशी राहिलेल्या बायका आणता येईनात; त्यांतील कित्येकांनी मेक्सिकन स्त्रियांशी संसार थाटले. १९४६ मध्ये नागरिकत्वाचे दार उघडले खरे, पण वार्षिक कोटा अवघा १०० चा.

१९५२ च्या कायद्याने प्रत्येक देशाच्या कोट्याचा पहिला निम्मा भाग विशेष कौशल्याच्या लोकांसाठी राखला होता. जॉन्सन-सरकारचा कलही तसाच होता. हा क्रम उलटला तो मुख्यतः प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीचे अध्यक्ष मायकेल फीगन यांच्या आग्रहामुळे. पूर्व गोलार्धाच्या १,७०,००० जागांपैकी ७४ टक्के आप्तांना मिळाल्या; त्यांत नागरिकांच्या भावंडांचा वाटा २४ टक्के, म्हणजे सर्वांत मोठा. व्यावसायिकांना उरले १० टक्के. यामागे केवळ कुटुंबवात्सल्य होते असे मानणे भाबडेपणाचे होईल. ज्यांचे आप्त अमेरिकेत आहेत ते बहुतेक युरोपीयच, तेव्हा वांशिक कोटा गेला तरी समाजाचा वर्ण पालटणार नाही, असा अनेक समर्थकांचा हिशेब होता. त्या १० टक्क्यांतून शिरलेला डॉक्टर किंवा इंजिनिअर पाच वर्षांनी नागरिक होईल आणि आपल्या भावंडांसाठी अर्ज करील, हे त्या हिशेबात धरलेले नव्हते. सत्तरीनंतरची अमेरिकेतील कितीतरी मराठी घरे याच वाटेने वाढली.

मात्र कायद्याचे कुटुंब हे आपले कुटुंब नव्हे. एकाच ताटात जेवलेला चुलतभाऊ तेथे भाऊ ठरत नाही. लहानाचे मोठे केलेल्या आत्याला तर रकानाच नाही. शिवाय प्रत्येक देशावर मर्यादा असल्याने हिंदी भावंडांची रांग आता पंधरा वर्षांहूनही लांब झाली आहे. अर्ज भरताना पाळण्यात असलेले मूल पाळी येईतो एकविशीला टेकते. २००२ च्या कायद्याने वयाच्या गणनेत थोडी सूट दिली. तरीही ती न पुरल्यास आईबापांना व्हिसा मिळतो, आणि मूल मागे राहते.