धूळ, वेग आणि एअर फिल्टर

एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. ती धुळीसकट इंजिनात गेली, तर सिलिंडर आणि पिस्टन रिंगा झिजतात. म्हणून हवेच्या वाटेत फिल्टर बसवतात. पण फिल्टर आला की हवेला थोडा अडथळाही आलाच. कंपनीचा फिल्टर काढून दुसरा लावण्याची प्रथा या ओढाताणीतून निघाली आणि मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिण कॅलिफोर्नियात वाढली.

सुरुवातीच्या बहुतेक मोटारी फिल्टरविनाच धावत. धुळीचा त्रास आधी जाणवला तो शेतावरच्या ट्रॅक्टरांना. 1915 मध्ये फ्रँक डोनाल्डसन यांनी ट्रॅक्टरसाठी फिल्टर तयार केला आणि त्यातून पुढे मोठा उद्योग उभा राहिला. त्यानंतर मोटारींत तेलाचे फिल्टर रुळले. तेलाच्या कुंडावरून हवा झपकन वळली की जड धूळ तेलात पडे आणि उरलेली भिजलेल्या जाळीला चिकटे. फोक्सवॅगन बीटलमध्ये ही पद्धत 1970च्या दशकापर्यंत टिकली.

कॅलिफोर्नियातील हौशी तरुण 1930च्या दशकात म्यूरॉकसारख्या कोरड्या तलावांच्या सपाट तळावर गाड्या पळवत. या शर्यतींना शिस्त लावण्यासाठी 1937 मध्ये ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ स्थापन झाली. फोर्डच्या 1932 च्या व्ही-8 इंजिनावर एकाऐवजी दोन-तीन कार्ब्युरेटर चढवण्याची तिथे चढाओढ असे. एवढ्या कार्ब्युरेटरांवर कंपनीचा फिल्टर मावत नसे. शर्यतीत त्यांची तोंडे उघडीच ठेवत आणि रस्त्यावर प्रत्येकावर क्रोमची छोटी टोपी बसवत. तिच्या विरळ जाळीत खडा अडे, बारीक धूळ अडत नसे. बाहेरून विकत आणलेल्या या टोप्यांचा निम्मा उपयोग दिसण्यापुरताच होता.

1950च्या दशकात घड्या घातलेल्या कागदाचे फिल्टर सर्रास येऊ लागले. घड्यांमुळे लहान जागेत मोठा पृष्ठभाग मावतो आणि फिल्टर मळला की फेकून नवा घालता येतो. मात्र वाळवंटातल्या मोटरसायकल शर्यतींत तो लवकर भरून जाई. केन जॉन्सन आणि नॉर्म मॅकडोनाल्ड यांनी 1957 मध्ये रिव्हरसाइड येथे मोटरसायकलींचे दुकान काढले होते. त्यांच्या ‘के अँड एन’ने 1960च्या दशकात सुती फिल्टर बाजारात आणला. त्यात तेल लावलेल्या सुती जाळीदार कापडाचे थर तारेच्या दोन जाळ्यांमध्ये दाबून घड्या घालतात. धूळ तेलाला चिकटते, पण धाग्यांमधून हवेला वाट राहते. मळलेला फिल्टर धुऊन, वाळवून, पुन्हा तेल लावून वापरता येतो.

याच काळात कंपनीच्या फिल्टरच्या पेटीवर नवी कामे येऊन पडली. क्रँककेसमधली वाफ इंजिनात परत ओढणे, थंडीत एग्झॉस्टजवळची गरम हवा घेणे आणि हवा ओढतानाचा आवाज दाबणे, हे सारे तिच्याकडे आले. पेटी बदलणे म्हणजे प्रदूषण-नियंत्रणाच्या यंत्रणेला हात लावणे ठरू लागले. वेगाचे सुटे भाग बनवणाऱ्यांनी 1963 मध्ये ‘सेमा’ ही संघटना उभारली होती. 1967 मध्ये कॅलिफोर्नियाचे हवा-संसाधन मंडळ अस्तित्वात आले. प्रदूषण-नियंत्रणात ढवळाढवळ करणारा भाग विकण्यास आणि बसवण्यास राज्याच्या वाहन कायद्याने मनाई केली. चाचणीत धूर वाढत नाही असे दाखवणाऱ्या भागाला मंडळाचा क्रमांकित आदेश मिळतो आणि त्याचे स्टिकर बॉनेटखाली लावतात. 1984 मध्ये राज्यात धूर-तपासणी सुरू झाल्यावर हा क्रमांक गाडीमालकांच्याही रोजच्या कामाचा झाला.

इंधन-इंजेक्शन आल्यावर फिल्टर कार्ब्युरेटरच्या डोक्यावरून उतरून कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या पेटीत गेला. नुसत्या फिल्टरऐवजी त्यामागच्या पाइपासह सगळा संच, म्हणजेच इंडक्शन किट, विकला जाऊ लागला. 1990च्या दशकात होंडा सिव्हिकसारख्या गाड्यांवर त्याची लाट आली आणि 2001 च्या ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ चित्रपटाने या छंदाची जगभर जाहिरात केली. किट बसवताना पेटी आणि तिचा पाइप काढतात, हवा मोजणारा सेन्सर नव्या नळीत हलवतात आणि शंकूच्या आकाराचा फिल्टर क्लॅम्पने आवळतात. आखूड नळीचे किट बॉनेटखालचीच गरम हवा ओढते. हवेचे तापमान सुमारे 3 अंशांनी वाढले की तिची घनता एक टक्क्याने घटते, म्हणून अडथळा कमी होऊनही फायदा हातचा जाऊ शकतो. लांब नळीचे किट बंपरमागून गार हवा आणते. मात्र साचलेल्या पाण्यातून गाडी घातली तर पाणी ओढून इंजिनच मोडू शकते. सुती फिल्टरला तेल जास्त लागले तर ते सेन्सरच्या तारेवर बसण्याची भीती असते.

स्वच्छ फिल्टरने इंधन वाचते, या जुन्या समजुतीला 2009 मध्ये धक्का बसला. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने तुंबलेल्या आणि स्वच्छ फिल्टरांची तुलना केली. आधुनिक पेट्रोल गाड्यांच्या इंधन-खर्चात लक्षणीय फरक आढळला नाही. कारण इंजिनाचा संगणक आत आलेल्या हवेप्रमाणेच इंधन सोडतो. तुंबलेल्या फिल्टरने गाडीचा उठाव मात्र मंदावला. साध्या इंजिनाला कंपनीची वाट बहुधा पुरेशी असते, त्यामुळे किटने मिळणारी ताकद थोडीच; वाढलेला आवाज मात्र चालवणाऱ्याला लगेच जाणवतो. टर्बो वाढवलेल्या किंवा शर्यतीसाठी फेरफार केलेल्या इंजिनाला हवा खरोखर जास्त लागते आणि किटचा खरा उपयोग तिथेच होतो.