पायाळू, गुप्तधन आणि कायद्याचे संरक्षण

बोरघाटाच्या पायथ्याची खोपोली आणि तिच्या भोवतीचे कर्जत व खालापूर हे तालुके मिळून होणारा मुलूख पूर्वापार वाटेवरचा आहे. 1661 मध्ये येथल्याच उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज कोंडली, पुढे नाना फडणविसांनी खोपोलीत महादेवाचे मंदिर आणि तलाव बांधला, आणि 1863 मध्ये घाटातून आगगाडी धावू लागली. ज्या वाटेने फौजा, व्यापारी आणि खजिने जातात, तिच्या आसपास पुरलेल्या धनाच्या कथांना तोटा नसतो, आणि महाराष्ट्रात अशा कथांच्या जोडीने पायाळू माणसाविषयीची समजूत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहे. जन्मताना डोक्याऐवजी ज्याचे पाय आधी बाहेर आले, तो पायाळू. त्याचा पाय पाठीला लावला की उसण उतरते, पावसाळ्यात वीज त्याच्याकडे ओढ घेते आणि डोळ्यांत मंतरलेले अंजन घातले की जमिनीखालचे धन त्याला दिसते, असे मानले जाई. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची माहिती जमवली होती. 1909 मध्ये त्यांची हत्या झाल्यानंतर ती आर. ई. एन्थोवेन यांनी संपादून प्रसिद्ध केली, आणि तिच्या कोकणावरील खंडात कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडमधील, भुताखेतांच्या आणि देवदेवस्कीच्या कितीतरी समजुती नोंदलेल्या आढळतात.

उसण उतरवून घेण्यासाठी शेजाऱ्याने पायाळू माणसाला हाक मारावी, यात आपुलकीच होती. धोका होता तो धनाच्या समजुतीत, कारण पुरलेल्या धनावर नाग किंवा पिशाच्च राखण करते आणि ते बळी घेतल्याशिवाय वाट सोडत नाही, ही दुसरी समजूत तिला चिकटलेली होती. एकदा शरीरात अद्भुत गुण आहे असे ठरले की त्या शरीराला किंमत येते, आणि ती किंमत त्या माणसाच्या हाती कधीच पडत नाही. बळी कोणाचा जातो, हे पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची कथा स्पष्टपणे सांगते: बुरुज उभा राहावा म्हणून तिच्यात नाथनाक आणि देवकाई हे महार जोडपे पायात जिवंत गाडले जाते. एकोणिसाव्या शतकात मोठे पूल बांधले जात असताना सरकार मुले पळवून पायात पुरते, अशा अफवा हिंदुस्थानभर उठत, आणि त्या विल्यम क्रूक यांनी नोंदवल्या आहेत. बोरघाटाच्या लोहमार्गाने रोगराईत आणि अपघातांत हजारो मजुरांचे प्राण घेतले. त्या मजुरांची नावे कोठे कोरलेली नाहीत, मात्र इंग्रजांना घाटाची वाट दाखवून जो प्राणांना मुकला असे सांगतात, त्या शिंग्रोबा धनगराचे मंदिर लोकांनी घाटात जपले आहे.

या समजुती निव्वळ कथेपुरत्या राहिल्या नाहीत. 1972 ते 1974 या काळात परभणी जिल्ह्यातील मानवत येथे गुप्तधनाच्या लोभाने लहान मुली आणि स्त्रिया यांचे एकापाठोपाठ एक खून झाले आणि सारा महाराष्ट्र हादरला. माणसाच्या शरीराला किंमत लावणाऱ्या त्याच तर्काचे अधिक व्यापक आणि भीषण रूप एकविसाव्या शतकात टांझानिया, मलावी आदी आफ्रिकी देशांत दिसले. त्वचा, केस आणि डोळे यांना रंग देणारे मेलॅनिन हे द्रव्य जन्मतःच फार कमी किंवा मुळीच तयार न होणे, या आनुवंशिक अवस्थेला वर्णकहीनता म्हणतात. अशा माणसांच्या अवयवांनी संपत्ती लाभते या समजुतीपायी तेथे त्यांचे खून झाले, हातपाय तोडले गेले आणि कबरीही उकरल्या गेल्या. टांझानियात सरकारने अशा अनेक मुलांना बुहांगिजासारख्या निवासी केंद्रांत हलवले. त्यांचे प्राण वाचले, पण आईबाप दुरावले, आणि म्हणून असे संरक्षण अपुरेच मानावे लागते.

महाराष्ट्राने कायद्याचा मार्ग धरला, परंतु त्याची किंमत मोठी होती. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती यांनी अनेक वर्षे मागणी करूनही रखडलेला कायदा, 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाल्यावर, चार दिवसांत वटहुकमाच्या रूपाने आणि त्याच डिसेंबरात विधिमंडळाच्या मंजुरीने अस्तित्वात आला. गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अमानुष कृत्ये आणि नरबळीचा प्रयत्न यांचा त्याच्या अनुसूचीत स्पष्ट उल्लेख असून सहा महिने ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. खून झाल्यावर शिक्षा करणारा कायदा आधीही होताच. नव्या कायद्याचे महत्त्व असे, की खड्डा खणून मांडलेल्या पूजेपाशीच, कोणाचा जीव जाण्यापूर्वी, पोलिसांना हात घालता येतो. गावकीने कुटुंबांना वाळीत टाकण्याच्या ज्या प्रकारांनी रायगड जिल्हा गाजला, त्यांविरुद्धचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदाही 2017 मध्ये अमलात आला.

पायाळूपण आता झपाट्याने विसरले जात आहे, आणि याचे श्रेय प्रसूतिगृहांनाही द्यावे लागेल. पूर्ण दिवसांच्या शंभर गर्भांपैकी साधारण तीन ते चार पायाकडून किंवा कुल्ल्याकडून येतात, त्यांतील पुष्कळांची सुटका शस्त्रक्रियेने होते, आणि मूल मोठे झाल्यावर त्याच्या जन्माची ही खूण कोणाला दिसत नाही. वर्णकहीन माणसाला मात्र आपली खूण झाकता येत नाही, आणि उन्हाने होणारा त्वचेचा कर्करोग हा त्याचा हल्लेखोराइतकाच मोठा शत्रू असतो. म्हणूनच टांझानियातील मोशी येथल्या त्वचारोग केंद्रात अशा लोकांसाठी ऊनरोधक मलम तयार होते आणि गावोगावच्या तपासणीत ते विनामूल्य वाटले जाते.