झरपटीचे पाणी, इरईची राख

१/ चंद्रपूरच्या जन्मकथेत पाणी हेच औषध आहे. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावरचे व्रण झरपट नदीतील एका कुंडाच्या पाण्याने बरे झाले, तेथे अचलेश्वराचे मंदिर व पुढे परकोटाचे नगर उभे राहिले, अशी आख्यायिका आहे. त्याच नगराच्या हवापाण्याचा हा धागा.

२/ इंग्रजी राजवटीत चांद्याची ओळख बदलली. १८७० च्या दशकात वरोऱ्यात सरकारी कोळसा खाण सुरू झाली, वर्ध्याहून लोहमार्ग आला. १९०६ मध्ये ती खाण बंद पडली. वर्धा खोऱ्यातील कोळसा मात्र संपला नव्हता.

३/ २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. पुढच्याच वर्षी चंद्रपूर औष्णिक वीज केंद्राचा २१० मेगावॉटचा पहिला संच सुरू झाला. त्याला पाणी इरई धरणाचे.

४/ आपल्या कोळशात राखेचे प्रमाण मोठे, साधारण ३० ते ४५ टक्के. अडीच मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात; दमा, श्वसनविकार व हृदयविकार बळावतात. राखेचे पाणी नदीत मिसळले तर गाळ तळाशी बसतो आणि माशांची अंडी व तळातले जीव त्याखाली गुदमरतात.

५/ २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांचा सर्वंकष प्रदूषण निर्देशांक काढला. ७० च्या पुढे म्हणजे अतिप्रदूषित. चंद्रपूर ८३.८८, देशात चौथे. जानेवारी २०१० मध्ये अशा क्षेत्रांतील नव्या प्रकल्पांना केंद्राने तात्पुरती स्थगिती दिली.

६/ आता कालक्रम पाहा. जल प्रदूषण कायदा १९७४ चा, वायू प्रदूषण कायदा १९८१ चा, पहिला संच १९८३ चा. म्हणजे धुराआधी कायदा आलेला होता. तरीही चंद्रपूरच्या हवा, पाणी आणि जमिनीचा एकत्रित आकडा देशासमोर यायला पहिल्या संचानंतर २६ वर्षे लागली. मेगावॉटची नोंद मात्र पहिल्या दिवसापासून होती.

७/ हे आज सांगण्याचे कारण गडचिरोली. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरात लोहखनिज काढले जात आहे. तेथे टनांची वही उघडली आहेच. ओढ्यांच्या पाण्याची आणि माणसांच्या श्वासाची वहीही त्याच दिवशी उघडायला हवी, गावकऱ्यांना वाचता येईल अशी. चंद्रपूरच्या इतिहासाने शिकवलेला धडा एवढाच. (समाप्त)