मीर, तार आणि परवाना

मीर हे अवकाशस्थानक 23 मार्च 2001 रोजी दक्षिण प्रशांत महासागरात पाडण्यात आले. एका विद्युतवाहक तारेने ते वाचले असते, पण अमेरिकी निर्यात परवान्याने घात केला, असे खासगी अवकाश उद्योगाचे पुरस्कर्ते सांगत आले आहेत. कागदपत्रे या म्हणण्याला अर्धाच दुजोरा देतात.

तारेचा मुद्दा पोकळ नव्हता. 25 फेब्रुवारी 1996 रोजी कोलंबिया यानातून सोडलेल्या इटालियन उपग्रहाला यानाशी जोडणारी तार 19.7 किलोमीटर उलगडल्यावर तुटली. नासाच्या चौकशी अहवालानुसार पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून जाताना तारेत सुमारे 3,500 व्होल्टचा दाब निर्माण झाला होता; वेष्टन जिथे भेदले गेले तिथे ठिणगी पडून ती जळाली. तारेतून अशी वीज घेतली की कक्षा खालावते. उलट, सौरपट्ट्यांची वीज तारेत सोडली तर तेच क्षेत्र यानाला पुढे रेटते. विरळ हवेच्या घर्षणाने खाली येणाऱ्या मीरचे पुष्कळ इंधन त्यामुळे वाचले असते.

परवान्याचे मूळ 17 ऑक्टोबर 1998 च्या अमेरिकी कायद्यात आहे. उपग्रहांचे तंत्रज्ञान चीनच्या हाती जात असल्याच्या संशयातून तो झाला. 15 मार्च 1999 पासून उपग्रह आणि त्यांच्याशी निगडित सामग्री वाणिज्य खात्याच्या यादीतून निघून परराष्ट्र खात्याच्या शस्त्रसूचीत गेली; ती परदेशी पाठवायला आता त्या खात्याचा परवाना लागू लागला. रोख चीनवर होता, पण मीरसाठी रशियाला पाठवायची तारही त्याच कचाट्यात सापडली.

फेब्रुवारी 2000 मध्ये मीरकॉर्प या खासगी कंपनीने रशियाच्या एनर्जिया कंपनीकडून मीर भाड्याने घेतले. मीरकॉर्पमध्ये एनर्जियाचाच वाटा 60 टक्के होता. पैसा मुख्यतः अमेरिकी दूरसंचार उद्योजक वॉल्ट अँडरसन यांचा आणि भारतीय वंशाचे चिरंजीव कथुरिया यांचा. 4 एप्रिलला झाल्योतिन आणि कालेरी हे अंतराळवीर मीरकडे निघाले आणि 16 जूनला परतले. रॉकेट, यान, माणसे सारे रशियन असल्याने ही मोहीम अडली नाही. तार मात्र अमेरिकी माल होता. ती परवान्याच्या फेऱ्यात अडकली आणि मीरपर्यंत पोहोचलीच नाही.

तरीही परवान्यानेच मीर बुडवले, हा निष्कर्ष ओढूनताणून काढलेला ठरेल. मीर पाडण्याचा आदेश डिसेंबर 2000 मध्ये रशियन पंतप्रधान कास्यानोव यांच्या सहीने निघाला. 1967 च्या अवकाश कराराच्या सहाव्या कलमानुसार खासगी संस्थांच्या अवकाशातील कामांचीही जबाबदारी राष्ट्रावरच येते. शिवाय 1972 च्या दायित्व करारानुसार सव्वाशे टनांहून जड स्थानक वस्तीवर कोसळले असते, तर भरपाई रशियालाच द्यावी लागली असती. त्यात आंतरराष्ट्रीय स्थानकाकडेच लक्ष द्या, असा वॉशिंग्टनचा आग्रह होताच.

तारेने मीरकॉर्पला पैसा उभा करायला थोडा अवधी मिळाला असता, इतकेच. भाडेकराराने स्थानक वापरायचा हक्क मिळाला होता, ते ठेवायचे की पाडायचे हे ठरवण्याचा नाही.